एकदा 'लाल' म्हटलं की झालं! गावच्या राजकारणातला हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या का पुसत नाही?

बेंबळी (ता. धाराशिव) : ग्रामसभेत कुणी घरकुलाच्या यादीचा हिशोब विचारतो. कुणी रोजगार हमीचं हजेरीपत्रक मागतो. कुणी पीकविम्यासाठी तहसीलसमोर बसायचं म्हणतो. त्याला उत्तर मिळायच्या आधी पारावर कुजबुज सुरू होते, "त्याच्या नादी लागू नका, तो लाल बावट्याचा आहे." आता त्यात नवीन शब्द आलाय, अर्बन नक्षल. मोबाईलवर एक फोटो फिरतो, खाली चार ओळी असतात. संध्याकाळपर्यंत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो आणि गाव त्या माणसाविषयी बोलत बसतं.

निवडणुकीत टीका होणारच. कम्युनिस्ट पक्षांवरही टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण टीका वेगळी अन् बदनामी वेगळी. टीकेत माणसाचं काम आणि म्हणणं तपासलं जातं. बदनामीत नुसता शिक्का मारायचा असतो, पुरावा कुणी मागत नाही. या शिक्क्याचा इतिहास काय, त्यानं कुणाचं काय नुकसान झालं आणि असं कुणावर आलं तर काय करता येतं, याची ही माहिती.

आधी शब्द नीट समजून घेऊ

गावात कम्युनिस्ट, डावे, शेकाप, नक्षलवादी, माओवादी हे सगळे शब्द एकाच अर्थानं वापरतात. प्रत्यक्षात त्यात मोठा फरक आहे.

• भारतीय कम्युनिस्ट पक्ष (भाकप) आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी), म्हणजे माकप. हे दोन्ही कायदेशीर पक्ष आहेत, निवडणूक आयोगाकडे नोंदलेले. मूळ पक्ष एकच होता, 1964 साली फूट पडून दोन झाले. त्यांचे आमदार, खासदार निवडून येतात. केरळात त्यांनी मतपेटीतून सरकारं आणली.

• शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). हा कम्युनिस्ट पक्ष नव्हे. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारख्या नेत्यांनी तो उभा केला. 1950 च्या दाभाडी प्रबंधात पक्षानं मार्क्सवादी विचार स्वीकारला. झेंडा लाल, एकमेकांना हाक 'भाई' म्हणून. आपल्या जिल्ह्यात जुन्या माणसांना हा पक्ष चांगला माहीत आहे. इथले भाई उद्धवराव पाटील 1977 साली लातूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले होते. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख तब्बल 11 वेळा आमदार झाले.

• भाकप (माओवादी). ही हत्यारबंद संघटना. 2004 साली स्थापन झाली, 2009 साली केंद्र सरकारनं तिच्यावर बंदी घातली. गडचिरोलीत 1 मे 2019 रोजी जांभूळखेड्याजवळ स्फोट झाला, त्यात 15 पोलीस जवान शहीद झाले. हा हिंसाचार खरा आहे, त्यात मेलेली माणसंही आपलीच आहेत.

• अर्बन नक्षल. या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. हा शब्द आपण वापरत नाही, असं लेखी उत्तर केंद्रीय गृह मंत्रालयानं 2020 साली राज्यसभेत दिलं होतं.

अंगणवाडी ताई, आशा ताई, ग्रामपंचायत शिपाई यांच्या अनेक संघटना लाल झेंड्याखाली आहेत. मानधन वाढवून मागणारी अंगणवाडी ताई आणि गडचिरोलीच्या जंगलातला बंदूकवाला यांना एकाच शब्दात बसवलं, की फसवणूक तिथंच सुरू होते.

आपला मराठवाडा आणि लाल रंग

धाराशिव जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या तेलंगण भागात 1946 पासून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. वेठबिगारी बंद करा, कसणाऱ्याला जमीन द्या, अशी मागणी होती. पुढारपण कम्युनिस्टांकडे होतं आणि लढा हत्यारांचा होता. निजाम गेल्यावरही तो चालू राहिला, 1951 साली मागे घेतला गेला. दोन्ही बाजूंनी माणसं मेली. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती.

नंतर 1952 ची पहिली निवडणूक आली. बंदी असल्यामुळं कम्युनिस्ट आणि त्यांचे साथीदार पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट नावानं उभे राहिले. नलगोंड्याचे रावी नारायण रेड्डी यांना पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मतं पडली. हैदराबाद विधानसभेत विरोधी पक्षनेता झाला तो एक मराठी माणूस, व्ही. डी. देशपांडे. ज्यांच्यावर देशद्रोह्याचा शिक्का मारला जात होता, त्यांना लोकांनीच मतपेटीतून सभागृहात पाठवलं.

त्याच काळात आलेला एक कायदा आजही मराठवाड्यात तलाठ्याच्या तोंडी असतो. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. या कायद्यानं 'संरक्षित कूळ' ठरलेल्या माणसाला जमिनीची मालकी मिळण्याची वाट खुली झाली. तेलंगणच्या उठावामुळं सरकारला जमिनीचा प्रश्न टाळता आला नाही, हे इतिहासकारांनी नोंदवून ठेवलंय. आज मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा सातबारा या कायद्यातून आलेला आहे. 'लाल' ही शिवी देणाऱ्याच्या घरातही तो कागद असू शकतो.

तलासरी, 1945 : अफवेनं पाच जीव गेले

शिक्का आणि अफवा एकत्र आल्यावर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वात स्पष्ट उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातलं आहे. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे.

तिथं वारली आदिवासी जमीनदारांकडं वेठीला होते. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं गडी म्हणून राबायचे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर तिथं गेले. 23 मे 1945 रोजी झरी गावात सभा झाली. वेठ करायची नाही, असा निर्धार वारल्यांनी केला. पुढं गवत कापणीच्या मजुरीचा संप झाला.

जमीनदारांनी वरती कळवलं, कम्युनिस्ट लोकांना भडकवतायत, दंगा होणार. खाली वस्त्यांत वेगळीच अफवा सोडली. गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी या. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला हजारो वारली जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. सभा मुळात ठरलेलीच नव्हती.

वेठ पुढं बंद झाली, पण शिक्का राहिला. चीनच्या युद्धाच्या वेळी 1962 साली देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली. आरोप एकच, हे चीनचे हस्तक. 1964 अखेरीस पुन्हा अटकसत्र झालं. शामराव परुळेकर 1965 साली स्थानबद्धतेत असतानाच वारले. खटला चालला नाही, त्यामुळं गुन्हा सिद्ध व्हायचा किंवा निर्दोष सुटायचा प्रश्नच आला नाही. अशा माणसाच्या नावापुढं समाज कायमचं प्रश्नचिन्ह ठेवतो. गोदावरीबाईंनी वारल्यांच्या लढ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मुंबई, 1970 : शब्दाकडून सुऱ्याकडं

दुसरं उदाहरण मुंबईच्या गिरणगावातलं. 1960 नंतरच्या दशकात तिथं कम्युनिस्टांच्या विरोधात जोरदार प्रचार सुरू झाला. सभांमधून त्यांना देशाचे शत्रू ठरवलं गेलं. डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये भाकपचे आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. खटला चालला, आरोपींना शिक्षाही झाली.

रिकाम्या जागेवर ऑक्टोबर 1970 मध्ये पोटनिवडणूक झाली. कृष्णा देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक दोन हजारांपेक्षा कमी मतांनी जिंकले आणि शिवसेनेचे पहिले आमदार झाले. गिरणगावात कम्युनिस्टांची पहिली ताकद पुन्हा उभी राहिली नाही. त्याला इतर कारणंही आहेत. पण आधी माणूस नव्हे तर शत्रू म्हणून ओळख तयार केली गेली, आणि मग हात उगारणाऱ्याला आपण चुकीचं करतोय असं वाटेनासं झालं, हा क्रम इथं दिसतो.

2018 : पायाला फोड आलेले 'माओवादी'

6 मार्च 2018 रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला. सुमारे 180 किलोमीटर चालत हजारो शेतकरी 12 मार्चला मुंबईत पोचले. बहुतेक आदिवासी होते. वनजमिनीचा हक्क, कर्जमाफी, पिकाला भाव या मागण्या. कित्येकांच्या चपला तुटल्या होत्या, तळपायाची सालं निघाली होती. दहावीची परीक्षा सुरू होती. पोरांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालत आझाद मैदानात आले. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या.

त्याच दिवशी सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांनी यामागं शहरी माओवाद असल्याचं बोलून दाखवलं. संध्याकाळी त्याच पक्षाच्या सरकारनं बहुतेक मागण्या मान्य करून लेखी आश्वासन दिलं. शेतकरी घरी गेले. पण तो शब्द मोबाईलवर राहिला. आता कुठंही मोर्चा निघाला की तो बाहेर काढला जातो.

सोलापूरचं उदाहरण जवळचं आहे

बेंबळीचा माणूस दवाखान्याला, बाजाराला सोलापूरला जातोच. सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायांसाठी 10 हजार घरांची वसाहत उभी आहे, गोदावरी परुळेकरांच्या नावानं. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. पुढं तिथंच रे नगरचा 30 हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं.

म्हणजे मागणी लाल झेंड्याची, जागा महाराष्ट्रातली, योजना केंद्राची आणि किल्ली पंतप्रधानांच्या हातून. घर मिळालेल्या विडी कामगार बाईला यातला कोण कुठल्या रंगाचा, याच्याशी घेणं नाही. प्रश्न विचारणाऱ्याला सुरुवातीलाच शत्रू ठरवून गप्प बसवलं असतं, तर ही घरं उभी राहिली नसती.

परदेशातही हेच झालं

अमेरिकेत 1950 साली मॅकार्थी नावाच्या सिनेटरनं सरकारात कम्युनिस्ट घुसलेत असं जाहीर केलं. पुरावा दिला नाही. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. मिलो रादुलोविच हा हवाई दलाच्या राखीव तुकडीतला तरुण अधिकारी. त्याला 1953 साली काढायचं ठरलं. कारण काय, तर बाप सर्बियन भाषेतलं वर्तमानपत्र वाचतो आणि बहिणीचे विचार डावे आहेत. पुरावा बंद पाकिटात, त्याला दाखवलाच नाही. टीव्हीवर ही गोष्ट आली, लोक चिडले आणि त्याला परत घेतलं. 1954 साली सिनेटनं मॅकार्थीची निंदा करणारा ठराव 67 विरुद्ध 22 मतांनी केला. पण ज्यांची गोष्ट टीव्हीवर आली नाही, त्यातल्या कित्येकांना गेलेलं काम परत मिळालं नाही.

इंडोनेशियात याहून वाईट झालं. तिथं 1965-66 साली कम्युनिस्ट म्हणून लाखो माणसं मारली गेली. तुरुंगातून सुटलेल्यांच्या ओळखपत्रावर 'ईटी' असा शिक्का मारला. त्याचा अर्थ, माजी राजकीय कैदी. त्यांच्या मुला-नातवांनाही सरकारी नोकरी मिळेना. निवडणुकीला उभं राहायचा हक्क 2004 साली न्यायालयामुळं परत मिळाला. आणि 2014 साली जोको विडोडो राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तर त्यांनाही कम्युनिस्ट म्हणून बदनाम केलं. ते म्हणाले, तेव्हा मी चार वर्षांचा होतो! तो पक्ष संपून जवळपास 50 वर्षं झाली होती, शिक्का मात्र जिवंत होता.

नुकसान नेमकं कुणाचं होतं?

एक, प्रश्न मरतो. हजेरीपत्रक मागणाऱ्याला नक्षलवादी म्हटलं की हजेरीपत्रक कुणी बघत नाही. ज्याचा हिशोब चुकलाय त्याचं साधतं.

दोन, घरच्यांना भोगावं लागतं. पोराची सोयरीक जमवताना पाहुणे चौकशी करतात. उधारीवर खत देणारा दुकानदार विचार करतो. बाईमाणसाला पाणवठ्यावर, बचत गटात टोमणे ऐकावे लागतात. ज्यानं अफवा उठवली तो विसरून जातो, घरचे विसरत नाहीत.

तीन, बाकीचे गप्प होतात. हे सर्वात मोठं नुकसान. एकाचं झालेलं बघून दहा जण पुढच्या ग्रामसभेला तोंड उघडत नाहीत. त्यात ज्यांचा त्या पक्षाशी काडीचा संबंध नाही, तेही असतात.

चार, खरा धोका ओळखू येईनासा होतो. सगळ्यांनाच नक्षलवादी म्हटल्यावर खऱ्या बंदूकवाल्याची माहिती कुणी दिली, तरी ती कुणाला खरी वाटणार?

ही खोड एकाच पक्षाची नाही, हेही लक्षात ठेवावं. 1960 च्या दशकात काँग्रेसची सरकारं होती, नंतर दुसरे आले. डावे लोकही आपल्या विरोधकांना झटकन भांडवलदारांचे दलाल म्हणून मोकळे होतात. शिक्का कुणीही मारला तरी प्रश्न बाजूला पडतो तो पडतोच.

कायदा काय म्हणतो?

विचार हा गुन्हा नाही. माओवादी असणं हा आपोआप गुन्हा होत नाही, बेकायदा कृत्य केलं असेल तरच पोलिसांना पकडता येतं, असं केरळ उच्च न्यायालयानं 2015 साली सांगितलं. माओवादी असल्याच्या नुसत्या संशयावरून पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या एका माणसाला सरकारनं 1 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेशही दिला.

बदनामी. भारतीय न्याय संहितेचं कलम 356. खोटा मजकूर बोलून, लिहून किंवा पसरवून कुणाची अब्रू घालवली तर 2 वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात नुसती नोंद होते, तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात करावी लागते.

निवडणुकीतला खोटा प्रचार. कलम 175. निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापलं किंवा पसरवलं तर दंड होतो. हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही लागू होतं.

नवा कायदा. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2025 मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ते कडव्या डाव्या विचारांच्या बेकायदा संघटनांसाठी आहे. आंदोलन करणाऱ्या सामान्य माणसाला त्रास होणार नाही, असं सरकार म्हणतं. व्याख्या मोघम आहे, कुणालाही त्यात बसवता येईल, असं विरोध करणारे म्हणतात. संयुक्त समितीकडं 12 हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. विधानसभेत उघड विरोध केला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. वारल्यांचा लढा झाला, तोच हा भाग.

असं कुणावर आलं तर काय करावं?

1. स्क्रीनशॉट ठेवा. मेसेज कुठल्या ग्रुपवर, कुणी, किती वाजता टाकला हे दिसलं पाहिजे. पुसला जायच्या आत.

2. शिवीगाळीला शिवीगाळीनं उत्तर देऊ नका. भांडण झालं की प्रश्न पुन्हा बाजूला पडतो.

3. प्रश्न लेखी करा. ग्रामसभेत विचारलेला प्रश्न कार्यवृत्तात नोंदवून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जावर विचारणाऱ्याचा रंग लिहायची जागा नसते.

4. एकट्यानं जाऊ नका. चार वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकाच अर्जावर सही करत असतील, तर शिक्का कुणावर मारायचा?

5. मेसेज आला तर पुढं ढकलायच्या आधी एवढंच विचारा. या माणसानं काय केलं, ते यात लिहिलंय का? की तो कोण आहे, एवढंच लिहिलंय? काय केलं ते लिहिलेलं नसेल, तर तो मेसेज तिथंच थांबवावा.

उद्या ग्रामसभेत कुणी उठून हिशोब मागितला, तर आधी हिशोब बघा. हिशोब बरोबर असेल तर विचारणारा आपसूक खाली बसेल. चुकीचा असेल, तर पैसे गावाचे आहेत, कुठल्याही रंगाच्या झेंड्याचे नाहीत.